पवळीच्या गळ्यातलं लोढणं

मी लोढणं बोलतोय. हातभर लांबीचा लाकडी ओंडका, एका टोकाला भोक, भोकात दोर. ओढाळ गुराच्या गळ्यात मला बांधतात. जनावर चालू लागलं की मी त्याच्या पुढच्या पायांत येतो, पळू लागलं की गुडघ्यांवर आपटतो. दोन-चार वेळा आपटलो की जनावर शहाण्यासारखं जागेवर उभं राहतं. एवढंच माझं काम. त्याला फार अक्कल लागत नाही, आणि मला ती फारशी नाहीही. पण माझ्या हातून जे घडलं त्याचा अर्थ लावता लावता माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगून बघावं.

राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या अलीकडे एक वाडी आहे. तिथल्या सोनबाच्या बांधावरच्या ऐनाची मी फांदी. एका वळवाच्या वादळात मोडून पडलो. सोनबानं मला घरी आणलं, वाकसानं तासलं, तापल्या सळईनं भोक पाडलं. भोरला नुकतीच मोटार येऊ लागली होती त्या सुमाराची ही गोष्ट. सोनबा एकदाच तीत बसला होता, पण मला तासता तासता शेजाऱ्याला ती हकीगत त्यानं तीनदा सांगितली.

तासून होत आलं तेव्हा त्याची धाकटी बहीण चंद्राबाई जवळ येऊन बसली.

"दादा, कडा गोल कर रं. तिच्या गुडघ्याला लागंल."

"लागावं म्हूनच करतोय की!" सोनबा म्हणाला. पण कडा गोल केल्या. मग चंद्राबाईनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि माझ्या खालच्या टोकाला घट्ट गुंडाळली.

लोढणं लागावं म्हणून करायचं, आणि ते लागू नये म्हणून त्याला चिंधी बांधायची! माझ्या गोंधळाला पहिल्याच दिवशी अशी सुरुवात झाली.

जिच्यासाठी मला केलं ती पवळी गाय. पोवळ्याच्या रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावानं गरीब. ती सोनबाची नव्हे, चंद्राबाईची. चंद्राबाईचं सासर गुंजवणी नदीच्या पलीकडच्या वाडीत. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा हिवतापानं गेला. तेराव्यानंतर सोनबा तिला चार दिवस विसाव्याला म्हणून माहेरी घेऊन आला. बरोबर पवळी आणि तिचा गोऱ्हा आला. चार दिवसांचे चार महिने झाले, वर्ष झालं, दुसरंही झालं, पण सासरहून तिला न्यायला कुणी आलं नाही. आणि सासरचं माणूस न्यायला आल्याशिवाय त्या शिवेत पाय टाकायचा नाही, अशी इथली रीत आहे. म्हणून चंद्राबाई इथंच राहिली.

पवळी दूध देत होती तोवर सगळं बरं चाललं. तिचं तूप बाजाराला जाई, त्यावर घरातलं मीठमिरची येई. चंद्राबाईला ताठ मानेनं ताटावर बसता येई. मग दूध आटलं. गोऱ्हा मोठा झाला, त्याला सोनबानं ठेचून बैल केला आणि आपल्या जोडीला घेतला. पवळी मात्र पुन्हा गाभण राहीना. भाकड गाय आणि विधवा बहीण, दोघींना पोसायचं म्हणजे सोनबाच्या घरात रोज कुठं ना कुठं भांडं आदळायचं.

त्यात पवळी ओढाळ झाली. एरवी शांत उभी असायची, आणि एखाद्या दिवशी काय व्हायचं कोण जाणे, चारा टाकून, रवंथ सोडून, दावं हिसकून निघायची. दर वेळी सापडायची ती एकाच ठिकाणी, गुंजवणीच्या काठावर. पलीकडे तोंड करून उभी.

"जुन्या घराची वढ हाय तिला," चंद्राबाई म्हणायची. "तिला मालक आठवत्यात." आणि पवळीच्या गळ्यात पडून रडायची. साऱ्या वाडीला ते पटलं होतं. मला तर पटलंच पटलं. एवढं प्रेमळ जनावर, एवढी दुःखी बाई, आणि त्या दुःखाला आवर घालायला नेमलेला मी! मला माझ्या कामाचा मोठा अभिमान वाटला.

पहिल्यांदा मला बांधलं ते चंद्राबाईनंच. दोर अडकवताना ती पवळीच्या कानात म्हणाली, "न्हाई ग जायचं तिकडं. आपल्याला कुणी बोलावलंय का?" पवळीनं मान झटकली. मी तिच्या गुडघ्यावर आपटलो. दिवसभर ती गोठ्याच्या दारापर्यंत यायची, मी आपटायचो, ती मागं सरायची. तिच्या अंगाला एक कढ होता आणि कान सारखे टवकारलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती थंड झाली आणि निवांत रवंथ करू लागली. मला काढून खुंटीला टांगलं. झालं, दुःख उतरलं, असं मी समजलो.

आता यापुढचं मला मुळीच कळत नसे. वाडीत इतरांच्याही गाई होत्या. एखादी माजावर आली की हंबरून हंबरून वाडी डोक्यावर घ्यायची. मग तिचा धनी तिला लगोलग नदीपलीकडच्या महादेवाच्या पोळाकडं न्यायचा. पोळ म्हणजे देवाच्या नावानं सोडलेला वळू. तो कुणाच्या दारी यायचा नाही, गाईनंच त्याच्याकडं जायचं. आठवड्याचे सहा दिवस तो देवराईत मोकळा चरायचा आणि सोमवारी देवळाचा गुरव त्याला देवळापुढं बांधून ठेवायचा. ज्या गाईचा माज दिसत नाही तिला सोमवारी नेऊन बघायचं, देवाच्या मनात असलं तर फळेल, अशी समजूत.

पवळी कधीच हंबरत नसे. म्हणून सोनबा तिला सोमवारी न्यायचा. मला खुंटीवरून काढून खांद्यावर घ्यायचा, वाटेत पळाली तर असू द्यावा म्हणून. पण ती पळत नसेच. उलट तिला ओढत न्यावं लागे. देवळापुढं गेली की खाली बसायची. पोळ एकदा तिच्याकडं बघायचा आणि तोंड फिरवून कडबा खायचा.

"गाय माजावर न्हाई, सोनबा," गुरव म्हणायचा.

"मग कवा येनार? दोन वरसं झाली, येकदा हंबरली न्हाई."

"काई गाई मुक्या असत्यात बाबा."

सोनबा ते ऐकायचा आणि गाय ओढत परत आणायचा. पावसाळ्याआधी पाच सोमवार असे गेले.

तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या लाकडानं यातून काय समजावं? ज्या दिवशी तिला जायचं असतं त्या दिवशी मला बांधून तिला अडवतात. ज्या दिवशी तिला जायचं नसतं त्या दिवशी मला न बांधता तिला ओढत नेतात. माणसांना ती जायला हवी आहे की राहायला हवी आहे? मी कितीदा विचार केला. शेवटी ठरवलं की मोठ्यांच्या गोष्टी असतील, आपण आपटायचं काम करावं.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. मी गळ्यात असायचो. पवळीच्या मागच्या अंगाला काय चाललंय ते मला दिसत नसे. शेपटीला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार चिकटलेली असायची, हे मला फार उशिरा कळलं. चंद्राबाईसुद्धा त्या दिवशी पवळीच्या तोंडाशीच बसायची, डोळे पुसत. मागं जाऊन बघितलं कुणी?

श्रावण लागला. नदी फुगली. नागपंचमीला पवळी निसटली ती काठावर सापडली. मला बांधलं. मग वद्य एकादशीला पुन्हा तेच. चंद्राबाईचा उपास होता, आणि तिनं पाण्याचा घोटही न घेता दिवसभर पवळीपाशी बसून काढला. पितृपंधरवड्याच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा. तेव्हा तर चंद्राबाईला भरूनच आलं. "पितरांचे दिस हायेत. मालकांनी हाक मारली आसंल तिला," ती म्हणाली. आणि तिनं माझा दोर आवळला.

त्याच सुमारास एकदा सोनबाची बायको साळूबाई शेजारणीबरोबर तांदूळ निवडत ओट्यावर बसली होती. तिला वाटलं, चंद्राबाई ओढ्यावर गेलीय. ती म्हणाली, "काय सांगू बाई! आमच्या ह्यांच्या गळ्यात येक लोढणं, त्या लोढण्याला येक गाय, आन् त्या गाईला पुन्ना लोढणं!"

शेजारीण खो खो हसली. मी गोंधळून मोजलं. मी तर घरात एकटाच होतो, आणि सोनबाच्या गळ्यात मला कधीच कुणी बांधलं नव्हतं. मग माझं लक्ष गेलं. चंद्राबाई गोठ्यात शेणाची पाटी हातात धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पाटी घेऊन मागच्या दारानं गेली आणि त्या दिवशी जेवायला बसली नाही. तेव्हा मला थोडंसं कळलं, आणि आपण लोढणं असल्याची मला पहिल्यांदा लाज वाटली.

साळूबाई दुष्ट नव्हती. तिला चार तोंडं भरायची होती, एवढंच. पुढं एका रात्री जेवताना तिनं सोनबाला पवळीचं काय करायचं ते सरळ विचारलं, आणि सोनबानं सरळ सांगून टाकलं, "दसरा झाला की पयल्या बाजाराला पवळीला भोरला नेतो. चंद्रे, इलाज न्हाई. भाकड जनावर किती दिस बांधून ठेवायचं?"

चंद्राबाईनं मान हलवली. पण पवळी गेली की त्या घरात तिचं असं काही उरणार नव्हतं. भावाच्या घरी भावाचं खाऊन राहायचं, आणि ते रोज ऐकून घ्यायचं. हे तिलाही ठाऊक होतं आणि साळूबाईलाही.

नवरात्र आलं. अष्टमीच्या सकाळी सोनबा आणि साळूबाई पोरांना घेऊन देवीला गेली. चंद्राबाई घरी राहिली. ती गोठ्यात आली तर पवळी तशीच. चारा तसाच पडलेला, कान टवकारलेले, पाय ठरत नव्हते. चंद्राबाईनं खुंटीवरून मला काढलं. दोर पवळीच्या गळ्याभोवती घातला. गाठ मारायची तेवढी बाकी होती, आणि ती थांबली.

"दोन दिसांवर दसरा," ती पवळीला म्हणाली. "मग कुनाच्या दावनीला जाशील काय म्हाईत. जा, येकदा बघून ये तुजं घर."

दोर सोडला. मला खांद्यावर टाकलं. पवळी दारातून जी निघाली ती मागं वळून बघायला तयार नाही. चंद्राबाई पदर खोचून तिच्या मागं. माझ्या जन्मात पहिल्यांदाच मी पवळीला मोकळं चालताना बघत होतो. किती भरभर चालत होती ती! आणि इतके दिवस हे सगळं मी माझ्या अंगावर झेललं होतं.

नदीला गुडघाभर पाणी होतं. पवळी सरळ उतारात शिरली. चंद्राबाई काठावर उभी राहिली. पलीकडे सासरची शीव. तिनं आजूबाजूला बघितलं आणि स्वतःशीच म्हणाली, "गाईमागं गेलं म्हून कोन काय बोलनार?" आणि लुगडं वर धरून पाण्यात उतरली.

पलीकडं गेल्यावर वाटेला दोन फाटे फुटतात. उजवीकडचा वाडीला जातो, चंद्राबाईच्या सासरी. डावीकडचा महादेवाच्या देवराईला. चंद्राबाईचं तोंड उजवीकडेच होतं. पवळी डावीकडं वळली.

"पवळे! आगं, घर हिकडं!"

पवळीनं कानसुद्धा हलवला नाही. उड्या मारत देवराईत शिरली. चंद्राबाई धावली. झाडीच्या तोंडाशीच पोळ उभा होता. तोच पोळ, पाच सोमवार तोंड फिरवणारा. आज त्यानं लांबूनच नाकपुड्या वर केल्या आणि डुरकला. पवळी त्याच्यापुढं जाऊन अशी स्थिर उभी राहिली, जशी माझ्या धाकानं ती कधीच उभी राहिली नव्हती.

पुढचं मी सांगू शकत नाही. मी चंद्राबाईच्या खांद्यावर होतो आणि तिनं पाठ फिरवली होती.

मग ती एका धोंड्यावर बसली. मला मांडीवर घेतलं. आधी तिचं अंग हलायला लागलं. मला वाटलं, रडतेय. पण ती हसत होती. पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "दोन वरसं!" ती म्हणाली. "दोन वरसं म्या तुज्या गळ्यात पडून रडले, आन् तू ह्याची वाट बघत हुतीस व्हय ग!"

हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. मांडीवरच्या माझ्याकडं बघितलं. "मंग नदीपल्याड कोन बघत हुतं?" ती हळूच म्हणाली. "म्याच का?"

याचं उत्तर ती कुणाला विचारत होती, मला का पवळीला, ते मला आजपर्यंत उमगलेलं नाही.

पवळी थोड्या वेळानं आपण होऊन बाहेर आली, गवताला तोंड लावत घराकडं, म्हणजे सोनबाच्या घराकडं, निघाली. चंद्राबाई मात्र त्या बाजूला वळेना. ती फाट्यावर उभी राहिली, मग उजवीकडच्या वाटेला लागली. पवळीनं दोन पावलं पुढं टाकली, थांबली, आणि मुकाट्यानं तिच्या मागं आली. सकाळी बाई गाईच्या मागं होती, आता गाय बाईच्या मागं. मी खांद्यावरून दोघींकडं बघत होतो आणि माझं डोकं गरगरत होतं.

वाडीच्या टोकाला एक सारवलेलं घर होतं. ओट्यावर एक म्हातारी वाल सोलत बसली होती. ती अंबूबाई, चंद्राबाईची सासू. डोळ्यांत फुलं पडून दिसेनासं झालेलं.

"कोन हाय?"

"आत्याबाई, म्या. चंद्रा."

म्हातारीचे हात वालांत तसेच राहिले. "आन् त्यो वास? पवळी बी आनलीस?"

"तिनंच आनलं मला."

"ये. बस." मग म्हातारी म्हणाली, "दोन वरसं वाट बगितली. मग म्हनलं, लेकीला माहेरी करमलं, आपुन कशाला मदी पडायचं."

"तुमी न्यायला कुनी धाडलं न्हाई, आत्याबाई."

"कुनाला धाडू ग? धाडन्यासारका येकच हुता."

पवळीनं पुढं होऊन वालांच्या टरफलांत तोंड घातलं. म्हातारीनं चाचपून तिचं कपाळ शोधलं आणि पांढऱ्या ठिपक्यावर हात ठेवला. रीत रीत म्हणून दोन घरांनी नदीच्या दोन काठांना बसून एकमेकांची वाट बघितली होती. मी आयुष्यात पुष्कळ आपटलो, पण त्या दिवशी मला आतून काहीतरी लागलं.

निघताना म्हातारीनं विचारलं, "ऱ्हातीस का?"

"गाय भाकड म्हून बाजाराला निगालीया," चंद्राबाई म्हणाली. "रिकाम्या हातानं आले तर तुमच्यावर भार. ती गाभन ऱ्हायली तर तिच्यासंगं येईन. तुमी सांगावा धाडा."

घरी आल्यावर सोनबा चिडला. "न बोलावता शिवंत गेलीस? लोक काय म्हंतील?"

"गाईमागं गेले. दादा, गाय भाकड न्हाई. तिचा माज मुका हाय."

"हंबरली न्हाई आन् माजावर आली व्हय?"

"नागपंचमीला नदीवर सापडली. मग श्रावनातल्या वद्य एकादशीला. मग पितरांच्या पंधरवड्यात. आन् आज अष्टमी. मोज."

सोनबानं बोटांच्या पेरांवर मोजलं. पुन्हा मोजलं. "येकवीस. येकवीस. येकवीस."

"येकवीस दिसांनी जुन्या घराची आठवन येती व्हय कुनाला?" चंद्राबाई म्हणाली.

सोनबा खुंटीवर टांगलेल्या माझ्याकडं बघू लागला. "आन् आमी नेमकं त्याच दिशी ह्ये बांधत हुतो," तो म्हणाला.

ज्या ज्या दिवसाचा मला अभिमान होता, नेमके तेच दिवस मी नासवले होते. इतकं चोख काम केलं, आणि त्याच कामानं पवळीला बाजाराच्या वाटेवर आणून उभं केलं. मी वाईट वागलो का? मला सांगितलं ते मी केलं. चंद्राबाईनं तरी वाईट केलं का? तिनं तर मायेनं बांधलं. मग चूक नेमकी कुणाची, हे मला धड सांगता येत नाही.

"दिवाळीपतूर थांबतो," सोनबा शेवटी म्हणाला. "पुन्ना माजावर आली, म्हंजी उलटली, तर मग बाजार. मग मला बोलायचं न्हाई."

चंद्राबाईनं कोपऱ्यात एक रिकामी पाटी ठेवली आणि रोज सकाळी एक वाळका हिरडा तीत टाकू लागली. हिरडे वाढत गेले. मी खुंटीवरून मोजत होतो. वसुबारस आली. वाडीतल्या बाया गाय-वासरांना ओवाळायला निघाल्या. पवळीजवळ वासरू नव्हतं, म्हणून तिच्या गोठ्यात कुणी येईना. शेवटी साळूबाईच तबक घेऊन आली. तिनं पवळीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, आणि चंद्राबाईकडं न बघता म्हणाली, "वन्सं, आजून दोन दिस हायेत न्हवं?" चंद्राबाई "व्हय" म्हणाली.

नरक चतुर्दशीच्या सकाळी पाटीत एकविसावा हिरडा पडला. आंघोळीआधीच सोनबा गोठ्यात आला. चंद्राबाई दारात उभी राहिली, तिचा पाय आत टाकवेना. खुंटीवर मी. लोढण्याच्या जातीत असं कुणी कधी मागितलं नसेल, पण मी मनापासून मागत होतो, देवा, आज माझी गरज पडू देऊ नकोस. मला कुणी खाली काढू नये.

सोनबा पवळीच्या मागं गेला. शेपटी उचलून बघितली. शेपटी कोरडी होती. पुढं येऊन चारा बघितला. गव्हाण चाटून पुसून स्वच्छ केलेली होती. पवळी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती, आणि तिला कुठंही जायचं नव्हतं.

"उद्या बगू," सोनबा म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. त्यानंतरच्या बाजाराला सोनबा भोरला गेला तो एकटाच गेला. त्या दिवसापासून साळूबाई पवळीपुढं पेंढ्यावर मूठभर कोंडा टाकू लागली.

वैशाखात नदीपलीकडून गुरवाबरोबर सांगावा आला, "सून आन् गाय, दोगी धाडा." पाऊस लागायच्या आत नदी ओलांडायची होती. पवळीचं पोट चांगलं दिसू लागलं होतं. सोनबा दोघींना पोचवायला निघाला. साळूबाई चंद्राबाईच्या गळ्यात पडून रडली, आणि खरंच रडली. मी खुंटीवर होतो. चंद्राबाई आत आली, तिनं मला हातात घेतलं, क्षणभर बरोबर न्यावं का असा विचार केला असावा. मग परत टांगलं. म्हणाली, "ह्याचं तिकडं काय काम?"

आषाढात पवळी व्याली. नदी भरलेली असल्यामुळं ते आम्हाला गणपतीत कळलं. कालवड झाली होती, आईच्याच रंगाची. चंद्राबाईनं पहिल्या चिकाचा खरवस सासूला स्वतःच्या हातानं भरवला, असं गुरव सांगत होता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. सोनबा गेला. साळूबाईला ऐकू कमी येतं. दुसरी लढाई चालू आहे म्हणतात, रॉकेल मिळत नाही, भोरला कागद दाखवून धान्य घ्यावं लागतं. माझी चिंधी उंदरांनी नेली. एका बाजूला किडीनं भोकं पाडलीत. मी खुंटीवर बसून होतो, रिकामा, आणि खरं सांगायचं तर रिकामपणात सुखी होतो.

आज सकाळी घरची माणसं शेतावर गेली असताना शेजारचा चिमाजी आत आला. त्यानं कुणाला न विचारता मला काढलं आणि आपल्या गोठ्यात नेलं. त्याच्याकडं तांबूस पाठीची एक गाय आहे. दोनदा व्यालेली, आता भाकड. "दावं तोडून पळती. लई ओढाळ झाली," तो बायकोला सांगत होता. तीन आठवड्यांमागं भिंतीपलीकडून मी हेच शब्द ऐकले होते. त्याच्याही आधी तीन आठवडे. पुढच्या बाजाराला तिला विकायचं त्याचं ठरलंय.

तो आता माझ्या भोकात नवा दोर ओवतोय. गाईचा ऊन श्वास माझ्यावर येतोय. तिचे कान टवकारलेले आहेत. पुढ्यातला चारा तसाच पडलाय. तोंडातून आवाज मात्र नाही.

सारा जन्म मी गोंधळात काढला. आज पहिल्यांदा मला सगळं स्वच्छ कळतंय, आणि आज चंद्राबाई इथं नाही, आणि मला तोंड नाही. तुम्हाला ऐकू जात असेल तर तुम्ही तरी त्याला सांगा हो. चिमाजी, गाठ मारू नको. ती कुठं जाते ते बघ बाबा. सोड तिला, आणि नुसता तिच्या मागं चाल.